चुकलेला शब्द

संत लूकच्या सणाच्या सकाळी शिवणकाम करणारी लेक न्याहारीआधी आईला त्या दिवसाचं शास्त्रवचन वाचून दाखवत होती. एक शब्द चुकला, तसं वारलेल्या बापाच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी खाकरलं.

जिवंतपणी बाप असाच खाकरायचा, आणि मग कमरेचा पट्टा काढायचा.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलात ना? आता तरी गप्प बसा!" असं ओरडून तिने तोच शब्द मुद्दाम पुन्हा चुकवला.

खाकरणं पुन्हा ऐकू आलं, या वेळी जोरात.

आई उठली आणि लेकीच्या पुढे उभी राहिली. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून जे फुटलं नव्हतं, ते ती खुर्चीकडे बघत म्हणाली, "पोरीला हात लावायचा नाही!"

खुर्ची सावकाश दोघींपासून मागे सरकली, पार भिंतीला टेकेपर्यंत.