चढणीचे पैसे

चिलीतल्या वालपाराइसो शहराच्या टेकड्यांवर घर जितकं उंच, तितके प्लंबरचे येण्याचे पैसे जास्त, ही जुनी रीत. एर्मेलिंदाबाईंचं घर अगदी माथ्यावर. फोन बिघडला होता, म्हणून ऐंशी ओलांडलेल्या बाई स्वतःच पायऱ्या उतरून प्लंबर एलियासारला गळका नळ दाखवायला बोलवायला आल्या. परत चढताना पावाची पिशवी सांभाळत त्याच पुढे होत्या आणि प्रत्येक वळणावर त्याच्यासाठी थांबत होत्या. एवढा दम बाई ठेवतात तरी कुठे, हे त्याला कळेना.

नळ दुरुस्त झाला तरी एलियासारची धाप ओसरली नव्हती. "आजी, नळाचे तेवढे द्या. तुम्ही माझ्याआधी वर पोचलात, येण्याचे पैसे कोणत्या तोंडानं मागू?"

"मागायचे. आज तू सोडलेस, तर उद्या लोक दुसऱ्यालाही फुकट चढ म्हणतील. मग आमच्याकडे कोण फिरकणार?"

त्यानं पैसे खिशात घातले आणि हत्यारांची पिशवी उचलली. बाईंनी पुन्हा बूट चढवले.

"आता कुठं निघालात?"

"तुला खाली पोचवायला. इथली कुत्री नवख्या माणसाला एकट्यानं उतरू देत नाहीत."