कुरळी लोकर

सुन्वाच्या पत्राला मार्यूनने चार महिने उत्तर दिलं नव्हतं. 'बाळाच्या दुपट्यासाठी लोकर पाठवते आहे. तुला विणता येत नाही, मी येऊन शिकवू का?' एवढंच थोरल्या बहिणीने सुदुरॉय बेटावरून लिहिलं होतं. पण सुन्वाचं बाळ दोन वर्षांपूर्वी जन्मताच गेलं होतं आणि स्वतःला दिवस गेल्यापासून मार्यूनला तिचं घरी येणं नकोसं वाटत होतं. असं बहिणीला लिहिणार तरी कसं? म्हणून तिने काहीच लिहिलं नाही.

मंगळवारी विणायला जमलेल्या बायकांमध्ये सासूबाईंनी तिचं विणकाम उजेडात धरलं.

"हे भोक कशाला गं? बाळाला खिडकी हवी म्हणून?"

बायका हसल्या. मार्यून ओशाळली. "लोकरच वाईट आहे हो. ताईने कुठली ही उरलीसुरली पाठवलीये, बघा ना, सगळी कुरळी."

सासूबाईंनी गुंड्यातला धागा ओढून बोटांवरून फिरवला. त्यांचा आवाज खाली आला. "उरलेली नाही, पोरी. पुरं विणून झालेलं उसवलं, की लोकर अशी कुरळी होते."

मार्यूनला बहिणीच्या रिकाम्या पाळण्यातलं पांढरं दुपटं आठवलं.


दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने उत्तर गेलं : 'ताई, मला एकटीला जमत नाही. लवकर ये, आणि बाळ होईपर्यंत इथेच राहा.'