न पोचलेला निरोप

डॉक्टरांनी कागदावर दोन गोळे काढून मध्ये बाण ओढला. "आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यात एक पेशी दुसरीला प्रथिनाच्या हाती निरोप धाडते, की पुरुषाचं बीज तयार करणाऱ्या नळ्या घडव. तुमच्या वेळी तो निरोप पोचलाच नाही." दिगंबर मान खाली घालून बाहेर गेला.

"मी तेव्हा पंचमीचे उंच झोके घेतले होते हो," त्याची आई भागीरथी पुटपुटली.

"झोक्यांनी काही होत नाही, आजी. कुणाचीच चूक नाही."

कुणाचीच नाही म्हटल्यावर भागीरथीला स्वतःचेच शब्द आठवले. अकरा वर्षं तिनं गल्लीला तिखटमीठ लावून सांगितलं होतं, की सून शैलानं वारूळ तुडवलं आणि नागिणीनं फणा काढून वांझपणाचा शाप दिला. बायका हसत ऐकायच्या, पण डोहाळजेवणाला शैलाला टाळायच्या.

तिनं शेजारी बसलेल्या शैलाचा हात धरला. "पोरी, आजच सगळ्यांना खरं सांगते."

शैलानं दारातून बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "नको आत्याबाई, नागीणच राहू द्या. मला सवय झालीय. यांना नाही सोसायचं."