ड्रायरची साक्ष

“काय होतंय रे तुला?” मेकॅनिक इरफानने ड्रायरला विचारलं.

“नळीत धागे तुंबलेत. धाप लागते,” ड्रायर म्हणाला.

“सूनबाईंना जाळी साफ करायला नको!” सोवळं नेसून उभे असलेले आप्पा खांबेटे म्हणाले. महिनाभर ते सुनेला, मृण्मयीला, हेच ऐकवत होते.

आप्पांचं सोवळं गॅलरीतल्या काठीवर, कुणाचाही स्पर्श न होता वाळतं, अशी सोसायटीत ख्याती होती.

“जाळीचा दोष नाही,” ड्रायर म्हणाला. “आप्पा रोज दुपारी सोवळं माझ्यात वाळवतात. जाळीवरचे इतरांच्या कपड्यांचे धागे लागून विटाळ नको, म्हणून आधी जाळीच काढून ठेवतात. मग धागे थेट नळीत जातात.”

इरफानने खाली मान घालून फॉर्म काढला. “चूक कुणाची लिहू?”

“माझी,” मृण्मयी पटकन म्हणाली. “जाळी मीच काढायचे.”

“ताई, तुम्ही दुपारी ऑफिसात असता,” ड्रायरने अदबीने दुरुस्ती केली.

धरणीने पोटात घ्यावं, असं आप्पांना वाटलं. पण धरणी सात मजले खाली होती. मध्ये सहा बिऱ्हाडं होती, आणि सहाही घरांत ड्रायर होते.