मालकाची परवानगी

"बाबा, या ना लवकर. परत विचारतंय!"

निशानं खिडकीतून हाक मारली. अंगणात कोळंबीचे सोडे वाळत घालणारे तिचे सासरे, बळीराम, लुंगीला हात पुसत उठले.

कॉम्प्युटरचा पडदा काळवंडला होता आणि मधोमध एकच चौकट उभी होती. 'या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करण्याची परवानगी द्यायची का?' खाली बळीरामांचं नाव, त्याखाली नंबर टाकायची जागा. सकाळपासून ही तिसरी.

बळीरामांनी चष्मा लावला. प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. थोडा विचार केला. मग एका बोटानं चार आकडे टाकले.

"दिली," असं म्हणून ते परत सोड्यांकडे गेले.

निशानं कपाळ टेबलावर टेकवलं. खारघरच्या एका कंपनीचे फॉर्म भरायचं काम ती रोडपालीत घरी बसून करायची. कंपनीचं ॲप सारखं अपडेट मागायचं आणि परवानगी मिळाल्याशिवाय उघडायचंच नाही. नंबर बाबा सांगत नव्हते. नंबर कोणाला सांगायचा नाय, असं बँकवाल्यांनी त्यांना बजावलं होतं. काल ते करंजाच्या बंदरावर गेले, फोन घरीच विसरले, आणि निशा दुपारपर्यंत त्या चौकटीकडे बघत बसली. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. अजून एकदा असं झालं तर काम दुसरीला देऊ.

म्हणून आज प्रभाकरला बोलावलं होतं. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातला. दुरुस्ती करणारे पनवेलात ढीगभर आहेत, पण गिऱ्हाइकाच्या माऊसखाली कागद चिकटवून, तो का चालत नाही म्हणून पंधरा मिनिटं मजा बघणारा हा एकटाच.

त्यानं दोन-चार ठिकाणी क्लिक केलं आणि हसायलाच लागला.

"वहिनी, तुम्ही ह्यात पाहुण्या आहात. मालक शेठ!"

"असं कसं?"

"घेताना मी विचारलं होतं, नाव कोणाचं टाकू? तुमचा नवरा म्हणाला, बाबांचं. लाइटचा मीटर बाबांच्या नावावर, गॅस बाबांच्या नावावर, घरपट्टी बाबांच्या नावावर. परेशच्या तोंडातून दुसरं नाव येणार कुठून?"

"मग बदला ना आता. रोज कितीदा उठवायचं त्यांना? मलाच लाज वाटते."

"बदलतो की. तुम्हाला मालकीण करतो आणि हे विचारणंच बंद करून टाकतो. फक्त त्याला पण शेठचीच परवानगी लागेल."

निशानं पुन्हा हाक मारली. बळीराम आले, चष्मा लावून बसले.

"शेठ, शेवटचं एकदा नंबर मारा. परत त्रास नाही," प्रभाकर म्हणाला.

"म्हंजे? परत इचारनार नाय?"

"कधीच नाही. सगळं आपोआप."

बळीरामांचं बोट हवेतच थांबलं.

"घरावर मजला चढला, तवा जिना बघून मीच इचारलं, ह्यो कुटं जातो," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "गाडी घेतली ती दारात उभी रायली तवा समजली. ह्यो एकटाच हाय. नाव घिऊन इचारतो."

प्रभाकरनं माऊसवरचा हात काढून घेतला. निशा कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत होती.

"राहू दे, बाबा," ती शेवटी म्हणाली. "मी मारत जाईन हाका."

"आनि काम गेलं तुजं तर?"

त्यांनी चार आकडे टाकले. शेवटचा जरा जोरात दाबला. मग बाहेर गेले.

काम झालं तरी प्रभाकर उठेना. चहा येईपर्यंत तो काहीतरी खुडबुड करत राहिला. निघताना दारात चप्पल घालता घालता हळूच म्हणाला, "वहिनी, रोज तीन वाजता कोपऱ्यात एक छोटी चौकट येईल. घाबरू नका. मी बनवलीय. हो दाबा, नाही दाबा, काही फरक पडत नाही. फक्त तुम्ही दाबू नका. शेठना हाक मारा."

"फसवायचं त्यांना?"

"छे हो. विचारायचं."

तीन वाजता चौकट आली. 'बळीरामशेठ, परवानगी आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. बाकीचा पडदा मोकळा होता. ॲप चालू होतं. निशाचे चाळीस फॉर्म झाले होते, वीस राहिले होते. एका हातानं मान दाबत तिनं हाक मारली.

"बाबा! विचारतंय."

बळीराम जवळजवळ पळतच आले. चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं.

"कसली परवानगी, ते नाय लिवलं."

"कामाचीच असेल, बाबा."

त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. ओट्यावर तिचं ताट सकाळपासून झाकलेलं तसंच होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग एका बोटानं, नीट नेम धरून, त्यांनी 'नाही' दाबलं.

"अहो बाबा, नाही का म्हणालात?"

"आदी जेव," ते म्हणाले. "तवर नाय द्यायची."

निशानं पडद्याकडे बघितलं. ॲप चालूच होतं. तिनं खुर्ची मागे सारली आणि उठली.