व्हर्नाचा नियम

बाक वाजायला लागला तेव्हा सरकारी वकील एकसष्टाव्या झाडाचा फोटो ज्युरीला दाखवत होता. गांजाची झाडं एकंदर एकशे सात. शंभर भरली की किमान पाच वर्षं कैद. वकिलाला कसलीच घाई नव्हती.

आरोपीच्या टेबलाशी डेल ओस्टरमन बसला होता. धंद्याने प्लंबर, वय अठ्ठावन्न. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघून, गावातल्या अकरा आजारी माणसांसाठी त्याने ही झाडं परसात लावली होती. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात ते बसत होतं. पण खटला केंद्र सरकारचा, आणि तिथे गांजा म्हणजे गांजा. आजार, डॉक्टर, औषध यातला एकही शब्द ज्युरीच्या कानावर पडता कामा नये, असं न्यायाधीशांनी सोमवारीच बजावलं होतं. पडला तर ही ज्युरी घरी जाणार, खटला पहिल्यापासून सुरू होणार, आणि तोवर डेल आत. ज्युरीतल्या बारा जणांपुढे म्हणून फक्त एक माणूस होता आणि एकशे सात झाडं.

जे बोलायची चोरी, ते निदान बसवून दाखवावं, असं व्हर्ना स्टोकलीचं म्हणणं. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून ती असल्या खटल्यांना माणसं जमवून आणायची. पहिल्या दोन बाकांवर इस्त्रीचे कपडे घातलेली, केस विंचरलेली मंडळी दिसली, की आरोपी कुठल्या टोळीतला नाही एवढं तरी ज्युरीला कळतं. तिचे नियम पिवळ्या कागदावर छापलेले असत. बिल्ले नकोत, घोषणा नकोत, च्युइंगगम नको, बोलणं तर नकोच. आणि शेवटचा नियम म्हणजे आदल्या संध्याकाळपासून कोणी औषध, म्हणजे गांजा, घ्यायचं नाही. मागच्या खटल्यात एकाच्या कोटाला वास आला म्हणून दारावरच्या पोलिसाने सगळ्यांनाच परत पाठवलं होतं. त्या दिवशी बाक रिकामे राहिले आणि ज्युरीने चाळीस मिनिटांत आरोपीला दोषी ठरवलं. तेव्हापासून व्हर्ना या बाबतीत कोणाचं ऐकत नसे. आजची मंडळी डेलच्याच आजारी माणसांतली, आणि गुणी. सगळी नियम पाळून आली होती.

बाक वाजत होता तो मार्व्हा लिंडक्विस्टच्या पायाने. मार्व्हाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आता तिच्या नसांनी दगा दिला होता आणि औषध पोटात नसलं की उजवा पाय आपल्या मनाने नाचायचा. सोळा तास झाले होते. टाच फरशीवर आपटत होती आणि जुना ओक लाकडाचा बाक सात माणसांसकट थरथरत होता. शेजारी रे ताब्लादा कर्करोगाची मळमळ आवरत तोंडावर रुमाल धरून बसला होता. व्हर्नाने मार्व्हाचा गुडघा दाबून धरला. गुडघ्याबरोबर तिचा हातही हलायला लागला. करायला गेलो काय आणि झालं काय, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरकारी वकील थांबला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मागे काय चाललंय म्हणून विचारलं. डेलचा वकील अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. खरं उत्तर द्यायची त्याला मनाई होती, आणि खोटं काही सुचत नव्हतं. शेवटी न्यायाधीशांनी कोर्टाच्या पोलिसाला खूण केली.

पोलीस धिप्पाड होता, पण बोलायला सभ्य. तो मार्व्हापाशी वाकला.

"बाई, पाय जरा आवरा. नाहीतर बाहेर बसावं लागेल."

"आवरत नाही हो," मार्व्हा हळूच म्हणाली. पुढचं तिने गिळलं. नियम नियम होता.

त्याने तिला उठवून पाहिलं, तर पाय ताठ झाला आणि ती मांडी धरून विव्हळली. त्याने घाईने तिला खाली बसवलं आणि आपल्या पंजाने तिचा गुडघा दाबला. पाय आणखीच उसळला. सगळी ज्युरी आता तिकडेच बघत होती.

"दाबू नका, साहेब."

डेल उभा राहिला होता. वकिलाने त्याची बाही ओढली, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पाय जमिनीवरून उचला. टाच एका हातात, पोटरी दुसऱ्या हातात. जोर नाही लावायचा, नुसतं तोलून धरायचं. होईल शांत. ती लाजेल, तिच्याकडे बघू नका."

पोलिसाने न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनाही तो आवाज थांबायला हवाच होता. त्यांनी मान हलवली. मग तो धिप्पाड माणूस दोन बाकांच्या मध्ये गुडघ्यावर बसला आणि मार्व्हाचा पाय त्याने बुटासकट हातात घेतला. मार्व्हा छताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने पाय सैल पडला आणि बाक गप्प झाला.

पोलिसाला बरं वाटलं. इतक्या वेळाने एक काम धड झालं होतं. पाय तसाच हातात ठेवून त्याने वर पाहिलं आणि सहज विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

डेलने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं.

"ते इथे सांगायची मला मनाई आहे," तो म्हणाला आणि खाली बसला.

बाराही माना न्यायाधीशांकडे वळल्या.