सामाईक भिंत

केवळाबाईनं दगड बाजूला सारून पडक्या भिंतीत कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा पंढरी ढासळलेल्या माळवदाआड दबून बसला होता.

आठवडाभर तो तिच्यावर पाळत ठेवून होता. भूकंपात नवरा गेलेली बाई. रोज पहाटे पत्र्याच्या शेडमधून उठून जुन्या गावात जायची आणि उन्हं चढली की ख्रिस्ताची गाणी गुणगुणत परत यायची. नवऱ्याचं नाव निघालं की रडायची, पण रडून झालं की पुन्हा गुणगुणायची. पंढरीला हे पटत नव्हतं. काही घबाड हाती लागल्याशिवाय माणूस असं राहत नाही.

आणि ती उकरत होती ती भिंत त्याचीही होती. दोन घरांत मिळून एकच. त्या भिंतीच्या भांडणापायी त्याची आई आणि केवळाबाई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आईनं आपलं सोनं घरात कुठंतरी लिंपून ठेवलं होतं; कुठं, ते कुणाला न सांगता तीही भूकंपात गेली. चिता साऱ्या गावाची मिळून पेटली, त्यामुळं तिची राखही वेगळी मिळाली नाही. पंढरीनं हिवाळाभर चुलीमागची भिंत खणली. हाती माती आली.

केवळाबाईचा हात बाहेर आला. मातीनं थापलेलं गाठोडं होतं. तिनं ते पदरानं पुसलं, न सोडताच कमरेला खोचलं आणि उठली.

"थांब," पंढरी पुढं झाला. "काढ ते."

ती दचकली. मग हसली आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. "तुझ्याकडंच निघाले होते."

"मी दिसलो म्हणून आता आसं म्हणतीस."

"आसं वाटायचंच तुला."

त्यानं गाठ सोडली. आईची बोरमाळ. हातातले गोठ. सगळं होतं. तरी त्याचा संशय हलला नाही. "इथं हाय हे तुला कसं ठाऊक?"

"तुझी आई लिंपायची तवा ठोकलेलं इकडं ऐकू यायचं. तिला वाटायचं, भिंतीला तिचीच बाजू हाय."

"मग सहा म्हैने सांगितलं का न्हाईस?"

केवळाबाई दगडावर टेकली. "राग होता. तुझी आई गेली तरी माझा राग जित्ता. प्रार्थनेला बसलं की प्रभू म्हणायचा, त्याचं त्याला दे. मी म्हणायची, दुसरं काई बी सांग."

"नुसतं सांगायचं होतंस. मी खणलं असतं."

"आन् काई कमी निघालं असतं तर? म्हणला असतास, केवळानं आधीच हात मारला."

तो तसंच म्हणाला असता. त्यानं नजर वळवली. "पर गाठुडं तर आज घावलं. तू आठ दिसांपासून गाऊन राहिलीस."

"हाव. खणायला लागले त्या दिशीच मन हलकं झालं. देवाचं ऐकलं ना, पंढरी. घावायचं काय, घावलं नसतं तरी गायले असते."

पंढरी गाठोडं धरून उभा राहिला. आपण घाई केली, हे त्याच्या ध्यानात आलं. तिला शेडपर्यंत जाऊ दिलं असतं, तर ती त्याच्या दारात थांबते की नाही, ते कळलं असतं. आता ते कधीच कळणार नव्हतं.

"मला न्हाई पटत," तो म्हणाला.

"न्हाई पटलं तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पदर खोचून पलीकडच्या घराच्या ढिगाऱ्याकडं गेली. "धोंडाबाईचं जातं हाय इथं खाली. लई आठवण काढती ती."

तिनं पहिला दगड उचलला, दुसरा उचलला, आणि गुणगुणायला लागली. पंढरी जागचा हलला नाही. तिचा सूर कुठं अडखळतोय का, ते कान देऊन ऐकत राहिला.